मुखपृष्ठावरील मित्र

ब्रिटनमधील उच्च माध्यमिक शाळांतून 'माध्यम-अभ्यास' नावाचा एक विषय शिकविला जातो. तेथील वृत्तपत्रांनी आणि परंपरागत विद्येच्या कैवाऱ्यांनी या विषयाची जेवढी टिंगल केली, तेवढी अन्य कोणत्याही विषयाच्या वाट्याला क्वचितच आली असेल. 'मिकी माउसचा अभ्यासक्रम' ही त्या टिंगलीतील त्यातल्या त्यात सौम्य पदवी. गणित किंवा लॅटिन सोडून मुलांनी चित्रपट, जाहिराती आणि गाण्याबजावण्याची मासिके यांत आपली वर्षे घालवावीत, हे अनेकांच्या पचनी अजूनही पडत नाही. परंतु या विषयातील एक प्रात्यक्षिक असे होते की, त्याचा विचार आपल्याकडील शिक्षणक्षेत्रातील मंडळींनी अवश्य करावा. एखाद्या काल्पनिक संगीत-नियतकालिकाचे मुखपृष्ठ, अनुक्रमणिकेचे पान आणि आतील एक जोडपान विद्यार्थ्याने स्वतः तयार करावयाचे, आणि त्यातील यच्चयावत छायाचित्रे त्याने स्वतःच काढलेली असावयाची, असे ते प्रात्यक्षिक.

ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि आरएसए या संयुक्त नावाने ओळखल्या जाणाऱ्या परीक्षा मंडळाने २००८ साली लागू केलेल्या अभ्यासक्रमात हे काम प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांसाठी ठेवले होते. आधी हात बसावा म्हणून आपल्याच शाळेच्या नियतकालिकाचे मुखपृष्ठ करावयाचे. त्यावर एका विद्यार्थ्याचे छातीपर्यंतचे छायाचित्र हवे, ही अट. मग संगीत-मासिकाचे मुख्य काम. त्यात किमान चार छायाचित्रे. शंभरपैकी साठ गुण प्रत्यक्ष कामाला, वीस पूर्वतयारीला आणि उरलेले वीस आपण काय केले व का केले याच्या विवेचनाला. २०१७ पासून नवा अभ्यासक्रम आला आणि या प्रात्यक्षिकाचे रूप बदलले. परंतु मधल्या दशकात सोळा-सतरा वर्षांच्या असंख्य मुलामुलींनी आपापल्या मित्रांना भिंतीपाशी उभे करून त्यांचे गायक-वादक बनविले.

या उपक्रमामागे एक जुना वैचारिक वाद आहे. १९३३ साली एफ. आर. लीव्हिस आणि डेनिस टॉम्प्सन यांनी 'कल्चर अँड एन्व्हायरन्मेंट' हे पुस्तक लिहिले, तेव्हा जाहिराती आणि बाजारू नियतकालिके वर्गात आणावीत असे त्यांनी सुचविले खरे, पण ते देवीची लस टोचावी तसे. या रोगाची बाधा मुलांना होऊ नये, एवढाच त्यामागील हेतू. पुढे १९८५ साली लेन मास्टरमन यांच्या 'टीचिंग द मीडिया' या ग्रंथाने ही दृष्टी पार पालटून टाकली. वृत्तपत्र असो वा चित्रवाणी, ती जगाची खिडकी नव्हे. कोणीतरी, काही हेतूने, रचलेली वस्तू आहे, आणि ती कशी रचली जाते हे विद्यार्थ्याने ओळखले पाहिजे, असे त्यांचे प्रतिपादन होते. त्याआधी तीन वर्षे, १९८२ साली, पश्चिम जर्मनीतील ग्रुनवाल्ड येथे युनेस्कोच्या विद्यमाने भरलेल्या परिषदेतही माध्यम-शिक्षणाचा जाहीरनामा मान्य झाला होता. परंतु जाहीरनाम्यांनी जे साधत नाही ते कधीकधी एका साध्या कॅमेऱ्याने साधते. रचलेली वस्तू ओळखावयाची तर ती एकदा रचून पाहणे यासारखा दुसरा मार्ग नाही.

प्रत्यक्षात घडते ते असे. विद्यार्थ्यापाशी कोणी नामवंत गायक नसतो. असतो तो वर्गमित्र, त्याच्या मोठ्या भावाचे चामडी जाकीट आणि कोठून तरी उसनी आणलेली गिटार. एवढ्या सामग्रीवर, पुस्तकांच्या दुकानात मांडलेल्या खऱ्या मासिकांशी स्पर्धा करावयाची. पहिल्या छायाचित्रातच मुलाला कळून चुकते की, मित्र प्रत्यक्षात दिसतो तसा कॅमेऱ्यात दिसत नाही. भिंतीला टेकून उभा केला म्हणून त्याची काळी सावली मागे चिकटलेली असते. फ्लॅश समोरून मारल्याने नाक सपाट होऊन कपाळ चकाकते. मोबाइल फोनचे भिंग विस्तृत कोनाचे, आणि ते चेहऱ्याच्या अगदी जवळ नेलेले. त्यामुळे नाक मोठे आणि कान मागे पळालेले. उपाय साधे आहेत. मित्राला भिंतीपासून पाच-सहा फूट पुढे आणावे. फ्लॅश बंद करून त्याला खिडकीशी तिरपे उभे करावे. दुसऱ्या बाजूस एक पांढरी चादर धरावी म्हणजे काळोखातील गाल उजळतो. आणि आपण चार पावले मागे सरून मग चौकट जवळ आणावी. डोळ्यांत खिडकीच्या प्रकाशाचा एक ठिपका दिसला म्हणजे चेहरा जिवंत झाला असे समजावे. आपल्याकडच्या जुन्या स्टुडिओतील छायाचित्रकार उत्तरेच्या खिडकीपाशी माणसाला बसवीत असत ते यासाठीच.

यानंतरची अडचण निव्वळ छायाचित्रकाराला सहसा पडत नाही. ती संपादकाची आहे. मुखपृष्ठ उभे असते. म्हणून छायाचित्र उभेच हवे. डोक्यावर मासिकाचे नाव येणार, तेव्हा तेथे मोकळी जागा हवी. पाश्चात्त्य दुकानांत मासिके एकावर एक सरकवून ठेवतात आणि ग्राहकाला पुष्कळदा डावीकडचा तिसरा हिस्साच दिसतो. म्हणून महत्त्वाचे मथळे तेथे, आणि त्या मथळ्यांना पुरेल असा शांत, एकरंगी पट चित्रातच राखून ठेवावयाचा. म्हणजे शब्द अजून लिहिले नाहीत तोवर शब्दांची जागा पाहून शटर दाबावयाचे. हा विचार ज्याने एकदा केला, त्याला पुढे कोणतेही मुखपृष्ठ निरागस वाटत नाही.

वाद्य हातात देताना तर मोठीच फसगत होते. ज्याला गिटार येत नाही त्याची डाव्या हाताची बोटे तारांवर नुसती ठेवलेली दिसतात, दाबलेली दिसत नाहीत. जाणकार वाचक चेहऱ्याआधी बोटे पाहतो. आपल्याकडेही हाच न्याय आहे. तंबोरा धरून बसलेल्या चित्रपटातील नटीची बोटे पाहून घराण्याच्या शागिर्दाला हसू आवरत नाही. तेव्हा ज्याला खरेच वाजविता येते, तो दिसावयास साधा असला तरी त्यालाच उभा करावा आणि त्याला खरोखर वाजवू द्यावे, हे शहाणपण विद्यार्थ्याला सहसा दुसऱ्या खेपेस सुचते.

तांत्रिक शुद्धता म्हणजेच उत्तम छायाचित्र, असा समज परीक्षेच्या गुणपत्रिकेमुळे दृढ होतो. संगीत-छायाचित्रणाचा इतिहास मात्र निराळे सांगतो. सप्टेंबर १९७९ मध्ये न्यूयॉर्कच्या पॅलेडियम नाट्यगृहात 'द क्लॅश' या इंग्रज वाद्यवृंदाचा पॉल सिमोनन याने चिडून आपली बास गिटार रंगमंचावर आपटली. पेनी स्मिथ या छायाचित्रकर्तीने तो क्षण टिपला. पण तिच्या मते चित्र धूसर होते, म्हणून ते वापरू नये असा तिचा आग्रह होता. वृंदाचा गायक जो स्ट्रमर आणि मांडणीकार रे लाउरी यांनी तिचे ऐकले नाही. त्याच वर्षाच्या डिसेंबरात 'लंडन कॉलिंग' या ध्वनिमुद्रिकेच्या वेष्टनावर ते चित्र आले, आणि २००२ साली 'क्यू' मासिकाने त्यास रॉक संगीताच्या इतिहासातील सर्वोत्तम छायाचित्र ठरविले. २०१० मध्ये ब्रिटिश टपाल खात्याने त्या वेष्टनाचे तिकीटही काढले. जिने ते काढले तिला जे दिसले नाही ते निवड करणाऱ्यांना दिसले. यातून धूसर चित्रे काढावीत असा बोध कोणी घेऊ नये. मात्र काढणारा आणि निवडणारा ही दोन माणसे असावीत, एवढे शाळेतल्या प्रकल्पालाही सहज करता येण्याजोगे आहे. एकाने काढलेली चित्रे शेजारच्या मुलाने निवडावीत.

दुसरे उदाहरण त्याच वर्षाचे. ६ जानेवारी १९७९ रोजी केव्हिन कमिन्स या छायाचित्रकाराने मँचेस्टरमधील हल्म वस्तीतल्या एका पादचारी पुलावर 'जॉय डिव्हिजन' या तोवर फारशा परिचित नसलेल्या वृंदातील चार तरुणांना उभे केले. सर्वत्र बर्फ पडलेले, रस्ता ओसाड, आणि चित्राचा बराचसा भाग रिकामा. ना वाद्ये, ना रंगमंच. तरीही त्या वृंदाचे उदास, थंड संगीत त्या रिकामेपणातून ऐकू येते, असे रसिक मानतात. वृंदाचा गायक इयन कर्टिस पुढच्याच वर्षी, १९८० च्या मे महिन्यात, निवर्तला आणि ते चित्र एका काळाची खूण होऊन बसले. त्या काळी फिल्मचा रोल छत्तीस चित्रांचा आणि पैसे मोजून घ्यावा लागणारा. म्हणून बोट शटरवर जपून पडे. आजचा विद्यार्थी एका दुपारी चारशे चित्रे काढतो आणि त्यांतून एक निवडताना रडकुंडीस येतो. विपुलतेनेही दृष्टी बोथट होते.

चित्र काढून झाले म्हणजे ते संगणकावर येते आणि खरा मोह तेथे सुरू होतो. टॉमस आणि जॉन नोल या दोघा अमेरिकन बंधूंनी रचलेली 'फोटोशॉप' ही आज्ञावली १९९० साली बाजारात आली. तत्पूर्वी स्टुडिओतील कारागीर निगेटिव्हवर टोकदार पेन्सिलीने सुरकुत्या पुसत असे. त्यास वेळ लागे आणि कसब लागे. आता ते काम अर्ध्या तासात कोणीही करतो. त्यातील निव्वळ यांत्रिक भाग शिकविण्यास सोपा आहे, आणि नेमका तोच बहुधा दुर्लक्षिला जातो. ए-४ आकाराचे पान इंचाला तीनशे ठिपके या दर्जाने छापावयाचे तर आडवे २,४८० आणि उभे ३,५०८ ठिपके लागतात, म्हणजे एकूण सुमारे ८७ लाख. साध्या फोनचे चित्र यास पुरते. पण अर्धे कापून टाकले की पुरत नाही. मित्राने तेच चित्र व्हॉट्सअ‍ॅपवरून पाठविले तर वाटेत ते आक्रसते, आणि छापल्यावर चेहऱ्याच्या कडा जिन्याच्या पायऱ्यांसारख्या दिसू लागतात. पडद्यावर झळाळणारा निळा आणि पोपटी रंग छपाईच्या चार शायांत उतरत नाही, मळकट होतो. याची जाणीव मुद्रणालयाच्या दारात होण्यापेक्षा आधी झालेली बरी.

मासिकाच्या नावावर गायकाचे डोके किंचित चढलेले असावे, ही एक लोकप्रिय लकब आहे. त्यासाठी डोके पार्श्वभूमीपासून कापून वेगळ्या थरावर घ्यावे लागते, आणि कुरळ्या केसांभोवती पांढरी प्रभावळ राहिली की सारे सोंग उघडे पडते. पण याहून मूलगामी प्रश्न निराळाच आहे. नावाची दोन अक्षरे झाकण्याचा अधिकार ज्याचे नाव घरोघरी ठाऊक आहे त्यालाच. उद्याच जन्मास येणाऱ्या विद्यार्थी-मासिकाने आपलेच नाव झाकून घेणे म्हणजे पाहुण्याच्या अंगावर घालण्यासाठी यजमानाने आपली शाल उतरविण्यासारखे झाले. बहुतेक विद्यार्थी हे डोळे मिटून करतात, कारण थोरांच्या मासिकात तसे असते. अनुकरणाला गुण देणाऱ्या परीक्षेचा हा अंगभूत दोष आहे, हे येथे नमूद केले पाहिजे.

चेहरा 'स्वच्छ' करण्याचा प्रश्न मात्र केवळ सौंदर्याचा नाही. फेब्रुवारी १९८२ च्या 'नॅशनल जिऑग्राफिक'च्या मुखपृष्ठावर उभ्या चौकटीत मावावेत म्हणून इजिप्तचे दोन पिरॅमिड संगणकाने एकमेकांजवळ सरकविण्यात आले. पुढे मासिकाला त्याचा खुलासा करीत बसावे लागले. जून १९९४ मध्ये 'टाइम' साप्ताहिकाने खुनाच्या आरोपाखाली पकडलेल्या ओ. जे. सिम्पसन याचा पोलिसांनी काढलेला फोटो मुखपृष्ठावर अधिक काळवंडून छापला. तेच छायाचित्र 'न्यूजवीक'ने जसेच्या तसे छापल्यामुळे दोन्ही अंक दुकानात शेजारी शेजारी आले आणि कृष्णवर्णीय समाजात संतापाची लाट उसळली. २००३ साली ब्रिटिश 'जीक्यू' मासिकाने केट विन्स्लेट या अभिनेत्रीला मुखपृष्ठावर इतके सडपातळ केले की, आपण अशा दिसत नाही आणि अशा दिसण्याची आपली इच्छाही नाही, असे तिलाच जाहीर करावे लागले. २०११ मध्ये ब्रिटनच्या जाहिरात-नियामक संस्थेने ज्युलिया रॉबर्ट्स आणि क्रिस्टी टर्लिंग्टन यांच्या चेहऱ्यांच्या दोन प्रसाधन-जाहिराती अतिरंजित सफाईच्या कारणाने बंद पाडल्या. जाहिरातीत मॉडेलची शरीरयष्टी बदलली असेल तर तसे छापणे फ्रान्सने २०१७ पासून बंधनकारक केले. नॉर्वेचा असाच कायदा २०२२ मध्ये अमलात आला.

हे परक्या देशांचे कौतुक म्हणून आम्ही सांगत नाही. आपल्या मुलामुलींच्या हातातील कित्येक फोन कोणी न सांगता चेहरा गुळगुळीत करतात आणि चार छटा उजळूनही टाकतात. ज्या समाजात मुलीचे स्थळ पाहताना तिच्या रंगाची चौकशी आधी होते, ज्या देशात एका मलमाच्या नावातील 'फेअर' हा शब्द जाण्यासाठी २०२० साल उजाडावे लागले, तेथे ही आपोआप होणारी सफाई निरुपद्रवी मानता येणार नाही. सतरा वर्षांची मुलगी आपल्या सावळ्या मैत्रिणीचे मुखपृष्ठ करावयास बसते आणि उजळपणाची कळ बोटाखाली असते, तेव्हा तिच्यापुढे जो प्रश्न उभा राहतो तो नीतिशास्त्राच्या कोणत्याही पाठ्यपुस्तकातील प्रश्नाइतकाच खरा आहे. मुरूम पुसावा, तो आठवड्याने जाणारच आहे. कपाळावरची लहानपणीची खोक पुसावी का, हे त्या मैत्रिणीला विचारावे. तिचा वर्ण मात्र बदलू नये. प्रकाश कमी पडला म्हणून चेहरा काळोखात गेला असेल, तर प्रकाश वाढविणे आणि वर्ण बदलणे या दोहोंतील भेद शिकविता येतो, आणि तो शिकविण्याची जागा हीच.

यात आता कृत्रिम बुद्धिमत्तेची भर पडली आहे. २०२३ पासून फोटोशॉपमध्येच नुसत्या शब्दांवरून चित्राचा हवा तो भाग निर्माण करण्याची सोय आली. जो मित्र कधी उभाच राहिला नाही, जी गिटार कधी वाजलीच नाही, तिचे निर्दोष मुखपृष्ठ मिनिटभरात हाती येते. ब्रिटनमधील परीक्षा मंडळांच्या संयुक्त परिषदेला त्याच वर्षी, विद्यार्थ्याचे काम खरोखर त्याचेच असले पाहिजे, याविषयी स्वतंत्र सूचना काढाव्या लागल्या. 'छायाचित्रे स्वतः काढलेली असावीत' ही २००८ सालची साधी अट आज अनपेक्षितपणे मोलाची ठरली आहे.

या प्रात्यक्षिकावर एक आक्षेप असा की, ज्या मासिकांचे अनुकरण विद्यार्थी करीत होते तीच एकेक करून मावळली. 'मेलडी मेकर' २००० साली बंद झाले, 'स्मॅश हिट्स' २००६ मध्ये. १९५२ पासून निघणाऱ्या 'एनएमई'ची छापील साप्ताहिक आवृत्ती मार्च २०१८ मध्ये थांबली, आणि ज्याने पेनी स्मिथच्या चित्रास मुकुट घातला ते 'क्यू' २०२० मध्ये मिटले. मग मृत कलेचे शिक्षण कशासाठी? हा आक्षेप आम्हांस वरवरचा वाटतो. मासिके गेली तरी चेहरा निवडणे, कापणे, उजळणे आणि त्यावर शब्द लादणे हे उद्योग कोठेच गेले नाहीत. उलट ते छापखान्यातून निघून प्रत्येकाच्या खिशात आले आहेत.

आपल्या देशातही तरुणांनी संगीताचे नियतकालिक काढल्याची उदाहरणे आहेत. १९९३ साली अलाहाबादेसारख्या ठिकाणाहून अमित सैगल यांनी 'रॉक स्ट्रीट जर्नल' सुरू केले आणि भारतीय रॉक वादकांना त्यातून ओळख मिळाली. दुर्दैवाने जानेवारी २०१२ मध्ये याच गोव्याच्या समुद्रात पोहताना त्यांचा अंत झाला. गोमंतकातील महाविद्यालयांचे वार्षिक अंक मात्र अजून पारितोषिक वितरणाच्या रांगा आणि तिकिटाएवढे गुणवंतांचे चेहरे यांपलीकडे फारसे जात नाहीत. ज्या भूमीने केरीच्या केसरबाई, कुर्डीच्या मोगूबाई आणि मंगेशीचे दीनानाथ दिले, तेथील विद्यार्थ्यांना संगीताच्या अंकासाठी विषय शोधीत फिरावे लागू नये.

चतुर्थीच्या दिवसांत घरोघरी होणाऱ्या घुमट-आरतीचेच घ्या. २०१९ साली राज्य शासनाने घुमटाला वारसा-वाद्याचा दर्जा दिला. पूर्वी त्यावर घोरपडीचे कातडे मढवीत. वन्यजीव संरक्षणाच्या कायद्यामुळे त्याची जागा बकऱ्याच्या कातड्याने घेतली. कातड्याचा पोत, मातीच्या भांड्याची गोलाई, त्यावर पडणारी बोटे यांचे एक जवळून घेतलेले चित्र हे सारे शब्दांवाचून सांगू शकेल. परंतु माटोळीखाली प्रकाश अपुरा. ट्यूबलाइटची हिरवट झाक एकीकडे आणि समईचा तांबूस उजेड दुसरीकडे. फ्लॅश लावला तर समई मरते आणि म्हणणाऱ्यांची लयही मोडते. शटर सेकंदाच्या तिसाव्या हिश्शापर्यंत खाली आणले तर चेहरा स्थिर राहून हात मात्र फिसकटतात, आणि त्या फिसकटलेल्या हातांतच ठेका दिसतो. गाणाऱ्याचे चित्र घेताना तर आणखी एक पथ्य आहे. तान ऐन भरात असता तोंड वेडेवाकडे होते. हजार चित्रांत तेच सर्वांत नाट्यमय दिसते, आणि तेच छापण्याचा मोह होतो. पण गायक समेवर येतो, क्षणभर डोळे उघडून साथीदाराकडे पाहतो, तेव्हाचा चेहरा त्याचा स्वतःचा असतो. तो टिपावयाचा तर सम कोठे येणार हे छायाचित्रकाराला आधी कळावयास हवे. त्यासाठी कॅमेरा बाजूस ठेवून दोन-तीन आरत्या नुसत्या ऐकाव्या लागतील. मग घरच्या यजमानांची परवानगी घ्यावी, निवडलेले चित्र छापण्यापूर्वी म्हणणाऱ्यांना दाखवावे, आणि चित्राखाली 'एक घुमटवादक' असे न लिहिता त्याचे नाव व गाव लिहावे.